वरवंडवर, दोन हजार फूट

लग्नानंतरच्या पहिल्या सात महिन्यांत मी माझ्या सासुरवाडीवरून सतरा वेळा गेलो आणि एकदाही चहाला उतरलो नाही.

आमच्या भागात हा गुन्हा केवढा मोठा आहे, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. जावई नुसता एसटीने सासुरवाडीच्या फाट्यावरून गेला, तरी खिडकीत तोंड लपवून बसतो. कारण कोणीतरी बघतं, कोणीतरी सांगतं, आणि पुढच्या भेटीत पाण्याचा तांब्या पुढे करताना सासूबाई ‘आता आमच्याकडं कशाला याल तुम्ही’ असं त्या तांब्याकडे बघून बोलतात. मी तर सतरा वेळा गेलेलो. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच होतं, की प्रत्येक वेळी मी जमिनीपासून दोन हजार फुटांवर होतो आणि माझ्या विमानाला इंजिन नव्हतं.

नीट सांगतो. गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं तेव्हाची. मी शिरूरचा. रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होतो, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंमधल्या चुका शोधायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. (ही सवय घरी आणू नये, असं बायकोचं मत पहिल्याच आठवड्यात झालं.) लग्नाच्या दोन वर्षं आधी एका मित्राबरोबर सहज म्हणून पुण्याच्या कडेच्या एका ग्लायडिंग क्लबात गेलो, वीस मिनिटं हवेत राहिलो आणि खाली आलो तो कामातून गेलो. तिथे जमिनीवरचं एक यंत्र लांबलचक दोराने तुम्हाला पतंगासारखं वर ओढतं, दोर सुटतो, आणि मग आभाळात फक्त तुम्ही आणि तापलेली हवा. ऊन चढलं की जमिनीवरून गरम हवा वर जाते. ती सापडली की तिच्यात घिरट्या घालत आपणही वर जायचं. घारी हेच करतात. त्यांना फक्त सासरे नसतात.

मला सासरे मिळाले ते वरवंडचे भगवानराव. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला शेवंती, झेंडू, टोमॅटो असा त्यांचा मळा होता. बोलायचे कमी, आणि जे बोलायचे ते असं की ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर कळावं. सुनंदा त्यांची थोरली. मी तिला कांदेपोह्यांच्या वेळी पाहिलं आणि मनातल्या मनात होकार देऊन मोकळा झालो. पण सुपारी फुटायच्या आधी आबांनी ती हातात धरली आणि विचारलं,

“नोकरी चांगली हाय. घर चांगलं हाय. पर ते इमानाचं काय ऐकतोय मी?”

“ग्लायडर म्हणतात त्याला. छंद आहे.”

“इंजिन नसतं म्हनं.”

“नसतं.”

“मंग वर ग्येल्यावर बंद पडलं तर?”

“बंद पडायला त्यात काही नसतंच, आबा.”

मला वाटलं, ह्या उत्तराने ते निर्धास्त होतील. आबांनी सुपारी परत ताटात ठेवली. बैठकीतला एकेक माणूस चपला कुठे काढल्या होत्या ते आठवू लागला. दाराआड सुनंदाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

“सोडलं,” मी म्हणालो.

“शबूद?”

“शब्द.”

सुपारी फुटली. तो शब्द मी लग्नानंतर पाच रविवार पाळला. सहाव्या रविवारी सकाळी शिरूरच्या आमच्या गच्चीवरून पूर्वेला पाहिलं, तर पिंजलेल्या कापसासारखे ढग रांगेने उभे होते. ग्लायडरवाल्याला असे ढग म्हणजे दारुड्याला उघडं दुकान. मी सुनंदाला सांगितलं, “आज ओव्हरटाइम आहे.” ती म्हणाली, “बरं.” पुढच्या रविवारीही ओव्हरटाइम निघाला. त्याच्या पुढच्याही. माझ्यासारखा कष्टाळू माणूस त्या कारखान्यात दुसरा नव्हता.

आता ह्या गोष्टीत रेडिओ येतो. त्या सुमारास आमच्या क्लबात दोन ग्लायडर एकाच गरम हवेत घिरट्या घालता घालता इतके जवळ आले, की दोन्ही वैमानिकांनी एकमेकांच्या शर्टाचे रंग सांगितले. आमचे मुख्य प्रशिक्षक लष्करातून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही सर म्हणायचो आणि ते आम्हाला काहीही म्हणायचे. सरांनी दुसऱ्याच महिन्यात प्रत्येक ग्लायडरमध्ये रेडिओ बसवला आणि नियम केला, की हवेत असलेल्या प्रत्येकाने दर दहा मिनिटांनी आपण कुठे आहोत आणि किती उंचीवर आहोत ते बोलायचं. म्हणजे बाकीचे त्या जागेपासून लांब राहतील. “जो बोलणार नाही तो उडणार नाही,” सर म्हणाले.

माझा एक जुना दोष आहे. बोलायच्या आधी माझ्या तोंडून ‘अं’ निघतो. त्यामुळे माझं ठिकाण सांगणं असं असायचं, “अं... यवतवर, अडीच हजार फूट.” मग, “अं... वरवंडवर, दोन हजार फूट.” वरवंडवर आलो की खाली आबांचा मळा दिसायचा. शेवंतीचा पिवळा तुकडा, विहीर, गोठा. मनाला टोचायचं. पण तेवढ्यात एखादी चांगली हवा लागायची आणि टोचायचं थांबायचं.

एका गुरुवारी आबा शिरूरला आमच्याकडे आले. फुलांची करंडी ठेवली, पाणी प्यायले, माझ्याबरोबर जेवायला बसले आणि म्हणाले,

“रइवारी वरवंडावरनं ग्येला म्हनं. च्या प्यायला उतरला न्हाई.”

मी हातातला घास ताटात ठेवला. पण मी लगेच सावरलो. कोणीतरी मला क्लबाकडे जाताना पाहिलं असेल आणि गाडीचा मार्ग चुकीचा सांगितला असेल, असं मी धरून चाललो.

“अं... कंपनीच्या कामाला निघालो होतो, आबा. मध्ये थांबा नव्हता.”

“व्हय, तितं थांबा कुठनं आसनार,” आबा म्हणाले आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. सुनंदा चुलीपाशी पाठमोरी होती. तिची पाठ मला उगाचच हलल्यासारखी वाटली.

खरं काय ते मला पंधरा दिवसांनी कळलं. आमचा टेपरेकॉर्डर बिघडला. सुनंदा म्हणाली, “वरवंडला रशीदमामांकडं न्या. त्यांच्यासारखा हात कुणाचा न्हाई.” रशीदमामांच्या तीन पिढ्या वरवंडात गेलेल्या. स्टँडसमोर रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि तालुक्यातल्या निम्म्या लग्नांना लाउडस्पीकर त्यांचाच. आमच्या लग्नालाही त्यांचाच होता. मी माइकवर उखाणा घ्यायला उभा राहिलो आणि सुरुवातीला चार वेळा ‘अं’ म्हणालो, तो ‘अं’ मामांनी चार भोंग्यांतून पार पाटसपर्यंत पोचवला होता.

एका शनिवारी दुकानात गेलो तर बाकावर पाच-सहा जण चहा पीत बसलेले. मधोमध एक उघडा एफएम रेडिओ, त्याच्या पोटातून तारा निघून छपरावरच्या बांबूला बांधलेल्या अँटेनाकडे गेलेल्या. आणि त्या रेडिओतून खरखरत आमच्या सरांचा आवाज येत होता. कोणालातरी उतरताना चाकं आणि अक्कल दोन्ही वापरायला सांगत होते.

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “या जावईबापू, बसा. आज तुमी खाली कसं?”

मी बाकाच्या कडेला टेकलो. मामांनी मोठ्या कौतुकाने सगळं समजावलं. एका सेटची कॉइल जरा ताणली, तर गाणी जाऊन इमानं यायला लागली. पहिले दोन रविवार कोण बोलतंय ते कळेना. तिसऱ्या रविवारी ‘अं’ ऐकला आणि त्यांनी हातातली सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली.

“मामा, हे बरोबर नाही. हे आमचं खासगी बोलणं आहे.”

“खासगी कसं? तुमी आभाळात जाऊन वरडता. आमी आमच्या दुकानात बसलोय. कानावर पडतं त्याला आमी काय करनार?”

“आम्ही एकमेकांवर आदळू नये म्हणून बोलतो. तुम्ही ऐकावं म्हणून नाही.”

“मंग नका आदळू. आमी कुठं आडवलंय.”

बाकावरचा एक जण म्हणाला, “त्या रइवारी बाराला तुमी यवतावर हुता. साडेबाराला पाटसावर. मधी येकडाव बोललाच न्हाई. कुठं हुता?” ज्या मिनिटांचा जाब मला बायकोने, कारखान्याने, सरांनीही कधी विचारला नव्हता, तो एक पानवाला विचारत होता. दुसरा म्हणाला, “तुमी अडीच हजारावर ग्येला म्हंजी ऊन कडक. आमच्यात तवाच मिरची वाळत घालत्यात.” म्हणजे माझ्या खासगी आयुष्यावर वरवंडात मिरच्या वाळत होत्या.

मी मामांना बाजूला घेतलं. “आबा इथे येतात का?”

मामा रेडिओच्या तारेशी चाळा करत म्हणाले, “येत्यात की कवातरी. च्या प्यायला.”

“त्यांना ह्यातलं काही सांगू नका. मी शब्द दिलाय. त्यांना कळलं तर त्या घरात मला तोंड दाखवता यायचं नाही. आणि सुनंदाला...”

“मी न्हाई सांगनार,” मामा म्हणाले. “कुरानाची आन. माझ्या तोंडून शबूद जानार न्हाई.”

मी निश्चिंत झालो. मामांसारखा माणूस शपथ इतक्या सहज का घेतो, हा प्रश्न क्वालिटी विभागातल्या माणसाला पडायला हवा होता. नाही पडला.

पण आबा कधी ना कधी चहाला येणार आणि माझा ‘अं’ ऐकणार, ही भीती राहिलीच. पुढचे काही रविवार मी जे केलं ते आठवलं, की मला अजून कानशिलं गरम झाल्यासारखी वाटतात. ठिकाण न सांगणं म्हणजे कुणाच्यातरी अंगावर जाणं, आणि सांगणं म्हणजे सासऱ्यांच्या कानावर जाणं. मी मधला मार्ग काढला. पहिल्यांदा गावाचं नाव टाळलं.

“अं... रस्त्याकडेच्या मोठ्या गावावर, दोन हजार फूट.”

“कुठलं गाव?” सर.

“मोठं आहे, सर.”

“नाव नाही का त्याला?”

ते जमलं नाही म्हणून पुढच्या खेपेला मी आवाज बदलला. नाक दाबून, घोगरा, ‘अं’ गिळून बोललो. वरवंडवर दोन हजार फूट. बोलून मोकळा झालो आणि सवयीने, दहा मिनिटं झाली म्हणून, माझ्या नेहमीच्या आवाजात पुन्हा ठिकाण सांगून बसलो. “अं... वरवंडवर, दोन हजार फूट.”

मग सरांचा आवाज असा आला की तो रेडिओशिवायही पोचला असता. “वरवंडवर दोघे एकाच उंचीवर! घोगरा कोण आहे तो? घोगऱ्याने डावीकडे वळावं, दुसऱ्याने उजवीकडे वळावं. ताबडतोब.”

मी डावीकडे वळलो. मग उजवीकडे वळलो.

“दोघांनी एकमेकांना पाहिलं का?”

घोगऱ्या आवाजात मी म्हणालो, पाहिलं. मग माझ्या आवाजात म्हणालो, “अं... मीही पाहिलं.”

त्या दिवशी उतरल्यावर सरांनी सगळ्या वैमानिकांना ओळीने उभं करून प्रत्येकाला एकेक वाक्य बोलायला लावलं. घोगरा सापडला नाही. सरांनी वहीत नोंद केली, की आपल्या हद्दीत एक अनोळखी ग्लायडर शिरतो.

ह्यावर माणूस सुधारतो. मी सुधारलो नाही, कारण त्याच वेळी सरांनी मला पन्नास किलोमीटरच्या उड्डाणाची परवानगी दिली. क्लबापासून निघायचं, दौंडपर्यंत जायचं आणि तिथल्या एका मोकळ्या माळावर उतरायचं. जमलं की प्रमाणपत्र. त्या कागदासाठी मी काय वाटेल ते केलं असतं, आणि केलंही. उड्डाणाचा रविवार ठरला आणि दोन दिवसांनी वरवंडहून निरोप आला. अधिक महिना होता. पहिला धोंड्याचा महिना, पहिला जावई. त्याच रविवारी जेवायला या.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात. त्या महिन्यात जावई म्हणजे देव. आणि ह्या देवाने कळवलं, की ओव्हरटाइम आहे.

सुनंदाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “न्हाईच का जमायचं?”

“अं... माल तातडीने पाठवायचाय.”

“बरं,” ती म्हणाली. “मी पुढं जाते. जमलं तर या.” आणि आदल्या दिवशीच्या एसटीने ती एकटी माहेरी गेली. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो होतो. खिडकीतून तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि मला पहिल्यांदाच स्वतःची शरम वाटली. ती सकाळपर्यंत टिकली. सकाळी ढग आले.

यवतपर्यंत छान गेलो. पुढे वरवंड. आज आबांच्या घरी पाहुणे, मामाही जेवायला येणार, सगळे दुकानाच्या आसपास. आज वरवंडचं नाव तोंडातून निघणं म्हणजे आत्मघात. मग मी असं ठरवलं, की वरवंड चुकवायचंच. रेडिओ बंद केला, डावीकडे वळलो आणि नदी ओलांडून उत्तरेकडून वळसा घालून दौंड गाठायचं म्हणून निघालो.

नदीच्या पलीकडे नजर पोचेल तिथवर ऊस. हिरवागार, नुकता पाणी प्यालेला. आणि भिजलेल्या उसावरून गरम हवा वर येत नाही, हे ग्लायडिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. उंची काट्यावरून अशी उतरू लागली, की मला काट्याकडे बघवेना. पंधराशे. बाराशे. हजार. दौंड राहिलं लांब, आता शेत शोधायचं. ठरलेली जागा सोडून दुसरीकडे उतरण्याआधी क्लबाला कळवणं सक्तीचं, म्हणून मी रेडिओ लावला आणि म्हणालो, “अं... उंची आठशे फूट, खाली चाललोय. जागा सापडत नाहीये...” एवढं बोलल्यावर मला आठवलं की हे वरवंडातही ऐकू जातंय. मी झटकन रेडिओ बंद केला.

ते वाक्य ऐकणाऱ्याला कसं लागेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. जागा मात्र पुढच्याच मिनिटाला सापडली. कांदा काढून झालेलं एक लांब रान. मी उतरलो, दोन उसळ्या घेतल्या आणि बांधाच्या वीस पावलं अलीकडे थांबलो. गाव निमोणे. शिरूर तालुका, म्हणजे एका अर्थाने घरीच आलो होतो.

रानाचे मालक तुकाराम आप्पा काठी टेकत आले. त्यांनी ग्लायडरला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, वाकून खालून पाहिलं.

“इंजान कुठं पडलं?”

“इंजिन नसतंच ह्याला, आप्पा.”

“मंग इथवर आला कशाच्या जोरावर?”

ह्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘थापांच्या’ असं होतं. मी हवेचं समजावून सांगितलं. तोवर निम्मं गाव जमलं. कोणीतरी नारळ आणला, आप्पांच्या मंडळींनी ग्लायडरच्या नाकावर हळदकुंकू लावलं. मी फाट्यावरच्या बूथवरून क्लबाला फोन करून ठिकाण कळवलं. न्यायला ट्रॉली येते, म्हणाले. मग मी परत येऊन पंखाच्या सावलीत चहा घेत बसलो. मन अगदी हलकं होतं. दौंड हुकलं होतं, पण कोणाला काही कळलं नव्हतं.

तिकडे वरवंडात काय झालं ते मला सुनंदाने नंतर सांगितलं. पानं मांडलेली, धोंडे झाकून ठेवलेले, आणि आबा नवं धोतर नेसून नेहमीसारखे मामांच्या दुकानात गेले. नेहमीसारखे. दर रविवारी जायचे. माझं ‘उतरलो’ ऐकू येईपर्यंत बाकावरून उठायचे नाहीत आणि ते ऐकल्यावर घरी येऊन जेवायचे. मामा शपथेला जागले होते. त्यांनी आबांना काहीच सांगितलं नव्हतं, कारण आबा त्यांच्या शेजारीच बसून ऐकायचे. त्या दिवशी मी यवतनंतर गप्प झालो. अर्धा तास सगळे खरखर ऐकत बसले. मग माझा आवाज आला, उंची आठशे, खाली चाललोय, जागा सापडत नाही, आणि खट्ट करून बंद. त्यानंतर काही नाही.

आबा ‘उतरलो’ न ऐकताच बाकावरून उठले. मामा क्लबाला फोन लावत राहिले, तो लागला अर्ध्या तासाने. निमोणे एवढं कळलं आणि लाइन तुटली. मी उतरलो का पडलो, ते कळलं नाही. मामांनी लाउडस्पीकरचा टेम्पो काढला. पुढे मामा आणि आबा, मागे चार भोंग्यांच्या मध्ये सुनंदा. पारगावचा पूल, न्हावरे, निमोणे.

मला दिसला तो धुरळा, मग भोंगे. मी हातातला कप खाली ठेवून उभा राहिलो. टेम्पो थांबायच्या आत सुनंदा उतरली. ती रडत नव्हती. तिने आधी ग्लायडर पाहिला, एक पंख, दुसरा पंख, आणि मग मला. मग बांधावर जाऊन बसली.

आबा माझ्याजवळ आले. माझा एक हात उचलून दाबून पाहिला, मग दुसरा, मग खांदे. बाजारात बैल पाहतात तसं सगळं पाहून झालं, तरी हात सोडेनात. मी मान खाली घातली.

“आबा, मी शब्द मोडला.”

“ठावं हाय. पयल्या ‘अं’पासनं ठावं हाय.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

“बोललो की. च्या प्यायला उतरला न्हाई म्हनलो.” मग म्हणाले, “शबूद मोडला ते मोडला. पर तू बोलत हुता तवर मला ठावं हुतं, कुठं हाय. आज गप का झाला रं?”

जावयाला कधी ‘अहोजाहो’ शिवाय न बोलणारा तो माणूस मला ‘रं’ म्हणाला. मला रडू आलं, आणि निमोण्याच्या निम्म्या गावासमोर मी रडलो. शब्द मोडल्याची भीती सात महिने बाळगली होती. पण ज्यांना भीत होतो तेच दर रविवारी माझ्यासाठी भीत बसले होते, हे त्या रानात कळलं.

सुनंदा तोंड धुऊन आली. “तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“कारखान्यातनं येणाऱ्या माणसाच्या नाकाची सालं निघत न्हाईत,” ती म्हणाली. “म्हणलं, कधी आपणहून सांगतात बघू.”

धोंडे सासूबाईंनी डब्यात भरून दिले होते. (‘जिवंत आसलं तर खाऊ घाला,’ असं म्हणाल्या होत्या.) पंखाच्या सावलीत आप्पांच्या घोंगडीवर पंगत बसली. तेवढ्यात ट्रॉली घेऊन सर आले, त्यांनाही पान वाढलं. मामांनी सरांना घोगऱ्या आवाजाची नक्कल करून दाखवली. सरांचा हात पुरणात थांबला.

“म्हणजे ते दोघे तुम्हीच?”

“अं...” मी म्हणालो.

अंतर मोजलं तर पन्नासच्या वर भरलं. पण रेडिओ बंद ठेवणाऱ्याला कागद नाही, असं सरांनी तिसरा धोंडा खाता खाता सांगितलं. मी वाद घातला नाही. निघताना आबांनी मला बाजूला घेतलं.

“उडा,” ते म्हणाले. “पर बोलत उडा. वरवंड आलं की वरवंड म्हना. लाजू नका.”

पुढच्या रविवारी सुनंदाने स्वतः डबा बांधून दिला. लग्नानंतर पहिल्यांदा मी कोणाशी खोटं न बोलता हवेत गेलो. वरवंड आलं. खाली शेवंतीचा पिवळा तुकडा. मी ‘अं’ न गिळता, नाव न चोरता, खणखणीत आवाजात म्हणालो, “अं... वरवंडवर, दोन हजार फूट. तब्येत उत्तम.” मग वाटलं, नीट गेलं नसेल, म्हणून पुन्हा म्हणालो. चौथ्यांदा म्हणालो तेव्हा सरांनी विचारलं, की खाली काही अडचण आहे का. संध्याकाळी घरी न जाता मी आधी बूथवर गेलो आणि वरवंडला शेजाऱ्यांकडे फोन लावून आबांना बोलावून घेतलं.

“आबा, ऐकलं का आज?”

“न्हाई वो,” आबा म्हणाले. “आज मॅच हुती. रशीदनं सेटवर ती लावली. तुमी ग्येलता व्हय वरनं?”

खासगीपणासाठी सात महिने धडपडलेला मी, त्या रात्री रुसून न जेवता झोपलो.